वही कशाला, असं विचारणाऱ्यांना

“मोजून कुठं ताकद येतीय व्हय?” आमच्याकडं हे प्रश्नासारखं विचारतात, पण तो निकाल असतो. जळकोटहून उदगीरकडं जाणाऱ्या रस्त्यावर पहाटे अंधारातच भरतीची पोरं पळायला लागतात. त्यातलं एखादं थांबतं, धापा टाकत खिशातली घडी घातलेली वही काढतं आणि मोबाईलच्या उजेडात दोन आकडे लिहितं. टपरीवर पहिला चहा घेणाऱ्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, “पळायलास का हिशोब करायलास?” हशा होतो. पोरगं ओशाळतं. दुसऱ्या दिवशी ते लपून लिहितं आणि महिनाभरानं लिहायचंच सोडून देतं.

हा हशा टपरीपुरता असता तर त्यावर लेख लिहायची गरज नव्हती. पण हेच मत शाळेच्या स्टाफरूममध्ये, लग्नाच्या पंगतीत आणि निवृत्तांच्या कट्ट्यावर जास्त शहाण्या भाषेत ऐकू येतं. मोजमाप हे पुण्या-मुंबईच्या लोकांचं फॅड. हातात घड्याळ बांधून पावलं मोजायची ती एसीत बसणाऱ्यांनी. मातीत राबणाऱ्याला त्याची काय गरज? जुन्या पैलवानांनी कधी वही धरली होती का? आणि आता तर संशोधनही म्हणतं की मोजल्यानं काही होत नाही. या सगळ्याला गावाकडच्या साधेपणाचा मुलामा असतो, म्हणून ते चटकन पटतं. मला ते पटत नाही. शिवाय या मताची किंमत बोलणारा भरत नाही, पहाटे पळणारं पोरगं भरतं, म्हणून ते निरुपद्रवीही नाही.

पैलवानांपासून सुरुवात करू, कारण आपल्याकडं वाद तिथंच जाऊन थांबतो. जुन्या पैलवानांनी मोजलं नाही, असं म्हणणारा माणूस पुढच्याच वाक्यात सांगतो की अमुक पैलवान रोज हजार जोर आणि दोन हजार बैठका मारायचा. अहो, मग हा हजाराचा आकडा आला कुठून? कुणीतरी मोजला म्हणूनच ना? तालमीतली मेहनत पहिल्यापासून आकड्यातच बोलते. किती जोर, किती बैठका, किती लढती, खुराकात किती दूध, किती बदाम. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी शंभर वर्षांपूर्वी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तोही संख्येच्या भाषेत. सवय लावायची म्हणजे आज किती आणि पुढं किती, हे ठरलेलं पाहिजे, एवढं त्यांना पक्कं कळलेलं होतं.

मग पैलवानानं वही का धरली नाही? कारण वही हौद्याच्या कडेला बसलेली असायची. वस्ताद म्हणजे तालमीचा चालता-बोलता हिशोब. कोणत्या पोराची बैठक गेल्या महिन्यापेक्षा वाढली, कोण खुराक खाऊन आळसावला, कुणाचा खांदा दुखतोय म्हणून त्याचा जोर अर्धवट जातोय, हे सगळं त्याच्या डोक्यात नोंदलेलं असे. पोराला लिहायची गरज नव्हती, कारण त्याच्यासाठी लक्षात ठेवणारा माणूस समोर होता. आपल्या लातूर जिल्ह्याचे हरिश्चंद्र बिराजदार घ्या. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगडचा हा माणूस १९६९ साली लातुरातच महाराष्ट्र केसरी झाला आणि पुढच्याच वर्षी एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक घेऊन आला. राष्ट्रकुलात वजनगट असतात, काट्यावर उभं राहिल्याशिवाय मॅटवर पाय ठेवता येत नाही. पुढं बिराजदार मामा स्वतः वस्ताद झाले आणि पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत त्यांनी पोरं घडवली. त्या परंपरेचं नाव घेऊन ‘मोजू नका’ असं सांगणं म्हणजे परंपरेचा अर्धाच भाग उचलणं. जळकोटच्या डांबरी रस्त्यावर एकट्यानं पळणाऱ्या पोराजवळ वस्ताद नाही. त्याच्या खिशातली वही ही चैन नसून त्याला परवडणारा एकमेव वस्ताद आहे.

दुसरं उदाहरण हमखास येतं ते अविनाश साबळेचं. बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातलं मांडवा हे त्याचं गाव, म्हणजे आपल्या मराठवाड्याचाच पोरगा. लहानपणी सहा-सात किलोमीटर लांबच्या शाळेत चालत-पळत जायचा, ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे. त्यातून निष्कर्ष काढला जातो की पोरगं गरिबीत पळालं आणि आपोआप ऑलिम्पिकला पोहोचलं. लांबच्या शाळेत पायी जाणारी पोरं मराठवाड्यात लाखांनी झाली. त्यातला साबळे एकच का, याचं उत्तर शाळेच्या वाटेवर मिळत नाही. ते नंतरच्या वर्षांत आहे. तो सैन्यात गेला, महार रेजिमेंटमध्ये. सियाचीनसारख्या ठिकाणी नोकरी केली. पळायला खऱ्या अर्थानं लागला तो सैन्यातच, वयाच्या विशीनंतर. आणि तिथून पुढचा सगळा प्रवास आकड्यांत नोंदलेला आहे, म्हणून आपल्याला तो नीट वाचता येतो.

३००० मीटर स्टीपलचेस म्हणजे २८ अडथळे आणि ७ पाण्यावरच्या उड्या. या शर्यतीत गोपाल सैनींचा ८ मिनिटं ३०.८८ सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम १९८१ पासून तसाच होता. २०१८ मध्ये भुवनेश्वरला साबळेनं ८:२९.८० वेळ दिली. फरक किती? एक सेकंद आणि थोडं. टपरीवरून बघणाऱ्याला हा फरक दिसलाच नसता. २०१९ च्या दोह्यातल्या जागतिक स्पर्धेत ८:२१.३७. २०२१ मध्ये टोकियो ऑलिम्पिकला ८:१८.१२. या वेळेला तो अंतिम फेरीत गेला नाही, पण विक्रम झाला. २०२२ मध्ये रबातला ८:१२.४८ आणि त्याच वर्षी बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुलात ८:११.२०. तिथं सोनं हुकलं ते ०.०५ सेकंदानं, पण केनियाच्या धावपटूंनी वर्षानुवर्षं तिन्ही पदकं वाटून घेतलेल्या शर्यतीत रुपं मांडव्याला आलं. मग जवळपास दोन वर्षं गेली आणि जुलै २०२४ मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये ८:०९.९१.

हे आकडे पुन्हा एकदा वाचा. सहा वर्षांत वीस सेकंदही पुरते कमी झाले नाहीत, आणि शेवटच्या दोन वर्षांत तर जेमतेम सव्वा सेकंद. नुसत्या अंदाजावर चालणारा माणूस या दोन वर्षांत म्हणाला असता, ‘आता काही होत नाही, सोडा.’ मोजणाऱ्याला कळतं की सव्वा सेकंद ही थांबलेली गाडी नाही, चढावर लागलेली गाडी आहे. साबळेच्या घरी वही होती का नव्हती, हा मुद्दा नाही. ॲथलेटिक्स हा खेळच असा आहे की प्रत्येक शर्यतीला तो तुमची नोंद शंभराव्या भागापर्यंत ठेवतो. ज्याच्या नशिबी तशी शर्यत नाही त्यानं ती स्वतः ठेवायची, एवढाच फरक.

आता शेतातल्या कष्टाचा युक्तिवाद. यात भावना फार आहे, म्हणून जरा सावकाश जावं लागेल. दिवसभर वाकून सोयाबीन काढणाऱ्या बाईला ‘व्यायाम करा आणि नोंद ठेवा’ म्हणणं निर्दयी वाटतं, हे मला मान्य आहे. पण कष्ट म्हणजे आरोग्य नव्हे. कोपनहेगनमध्ये एक लाखाहून अधिक लोकांची माहिती वर्षानुवर्षं गोळा करून २०२१ मध्ये एक अभ्यास आला. फावल्या वेळात स्वतःच्या मर्जीनं हालचाल करणाऱ्यांना हृदयविकाराचा धोका कमी होता. नोकरीत जड शारीरिक काम करणाऱ्यांना तो कमी नव्हता, उलट जास्त होता. कारण ओळखायला डेन्मार्कला जायला नको. कामातल्या कष्टाला विश्रांती आपल्या हातात नसते, तीच कंबर त्याच दिशेनं वाकत राहते, आणि थकल्यावर थांबायची मुभा मालक देत नाही. त्यात आपल्याकडचे कष्ट हंगामी. काढणीच्या वेळी जीव जाईपर्यंत काम आणि पुढं कित्येक आठवडे हाताला काम नाही. बांधापर्यंत मोटारसायकल जाते, पेरणी ट्रॅक्टर करतो, मळणीला यंत्र येतं. आजोबांचं शेत आणि नातवाचं शेत एकच असलं तरी दोघांचं अंग एक नाही.

आणि याच शेतकऱ्याकडं मोजण्याची अक्कल नाही असं कोण म्हणेल? डेअरीवर दूध घालताना फॅट किती लागली, लिटर किती भरलं, कालच्यापेक्षा भाव कमी का, हे तो रोज कार्डावर बघतो आणि एका पॉइंटासाठी भांडतो. म्हशीच्या दुधाची फॅट मोजणाऱ्या माणसानं स्वतःच्या पोराच्या दमाची वेळ मोजली तर तो शहरी कसा झाला?

बायकांच्या बाबतीत हा अंदाजपंचे कारभार जास्त महाग पडतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आढळला. आधीच्या फेरीत तो ४८ टक्के होता. भरतीसाठी पळणाऱ्या मुलीचा दम दुसऱ्याच फेरीला तुटतो तेव्हा सगळे सांगतात, “स्टॅमिना कमी आहे, अजून पळ.” ती अजून पळते आणि अजून खचते. तिच्या वहीत सहा आठवडे वेळ सुधारलेली नाही, मेहनत मात्र वाढलेली आहे, असं दिसलं तर कुणीतरी विचारेल की हिमोग्लोबिन तपासलं का. वही नसेल तर हा प्रश्न सुचतच नाही, दोष मुलीच्या जिद्दीवर जातो. मुलीच्या जिद्दीवर दोष टाकायला आपल्याला फार आवडतं, हे जाता जाता सांगून ठेवतो.

भरतीचंच बोलू, कारण जळकोटसारख्या तालुक्यात दूरचं शारीरिक ध्येय म्हणजे नव्वद टक्के पोरांसाठी भरतीच. (टक्का माझा, अनुभवाचा. त्यावर भांडू नका.) पोलीस भरतीच्या मैदानाला ५० गुण. मुलांना १६०० मीटर धावण्याला २०, १०० मीटरला १५, गोळाफेकीला १५. १६०० मीटर ५ मिनिटं १० सेकंदांत आलं तर पूर्ण २०, आणि त्यानंतर ५:३० पर्यंत १८. म्हणजे वीस सेकंदांच्या पायरीला दोन गुण. मेरिटची यादी एकेका गुणावर तुटते, हे मी कुणाला सांगायला नको. अग्निवीरला तेच अंतर साडेपाच मिनिटांच्या आत आणलं तर ६० गुण, दहा बीम मारले तर ४०. जो दरवाजा सेकंदावर उघडतो आणि बंद होतो, त्याच्यासमोर उभ्या असलेल्या पोराला ‘मोजू नको, मनापासून पळ’ असं सांगणं हा मला सल्ला वाटत नाही, फसवणूक वाटते.

५:१० म्हणजे ४०० मीटरच्या प्रत्येक फेरीला साडेसत्त्याहत्तर सेकंद. आता भरतीच्या पोराच्या वहीतलं पान कसं असतं ते बघा. मंगळवार. ४०० चे सहा, मध्ये दीड मिनिट विश्रांती. ७४, ७५, ७८, ८१, ८५, ८९. खाली बारीक अक्षरात: रात्री लग्नाला, झोप चार तास. बस्स, एवढंच. पण या ओळीत सगळं आहे. पोरगं पहिल्या दोन फेऱ्या उसन्या जोरावर काढतंय आणि चौथीपासून व्याज भरतंय. त्याला वेग कमी नाही, घाई जास्त आहे. पुढच्या मंगळवारी पहिली फेरी मुद्दाम ७८ नं काढायची. आणि झोप चार तासांची होती, म्हणून या दिवसावरून निराश व्हायचं नाही. अकॅडमीच्या फीचे पैसे नसलेल्या पोराला हे कोण सांगणार होतं? त्याचं त्यानंच सांगितलं, कारण लिहिलेलं होतं.

यात एक गोम आहे आणि ती आपल्या मैदानांची आहे. गावातल्या शाळेच्या मैदानाला पोरं ‘चारशेचं ग्राउंड’ म्हणतात, पण ते कुणी मोजलेलं नसतं. समजा, ते ३८० मीटरचं निघालं. चार फेऱ्यांना पोरगं १५२० मीटर पळालं आणि घड्याळात ५:०५ बघून खूश झालं. राहिलेल्या ८० मीटरला त्याच वेगानं सोळा सेकंद लागतात. प्रत्यक्ष मैदानावर त्याचे ५:२१ होतात, दोन गुण गेले, आणि पोरगं गावी येऊन सांगतं की नशीब नव्हतं. मोबाईलमधलं ॲप लहान वळणांच्या मैदानावर अंतर नीट पकडत नाही, त्यावरही फार विसंबू नये. म्हणजे चुकीचं मोजणं न मोजण्याइतकंच घातक असतं, हा आक्षेप कुणी घेतला तर मी त्याच्या बाजूचा आहे. पण चुकीच्या तराजूवरचा उपाय म्हणजे नीट तराजू.

शिवाय भरती हे काही तीन महिन्यांचं काम राहिलेलं नाही. २०२१ च्या पोलीस भरतीचं मैदान सुरू झालं जानेवारी २०२३ मध्ये. त्यानंतरच्या भरतीचं मैदान लागलं २०२४ च्या जूनमध्ये, ऐन पावसाळ्याच्या तोंडावर. जाहिरात कधी येईल, मैदान कधी लागेल, याचा भरवसा नाही. पोरांचं काय होतं? जाहिरात आली की मरेस्तोवर पळायचं, तारीख पुढं गेली की सोडून द्यायचं, परत तारीख आली की महिन्याभरात सगळं भरून काढायला जायचं. याच घाईत पिंढऱ्या, गुडघे जातात. त्या २०२४ च्या जूनमध्ये नवी मुंबईत मैदानी चाचणीला पळताना काही उमेदवार कोसळले आणि एकाचा जीव गेला. त्याचं कारण मी इथं बसून ठरवणार नाही. पण आपलं शरीर आज नेमकं कुठं आहे हे माहीत नसताना त्याच्याकडून कमाल मागणं ही जोखीम आहे, एवढं म्हणायला डॉक्टर व्हावं लागत नाही. ज्याच्याजवळ दोन वर्षांची नोंद आहे त्याला कळतं की सुट्टीच्या काळात आठवड्याला तीन दिवस पळून आपण ५:३० वर टिकतो आणि तिथून ५:१० ला यायला आपल्याला दहा आठवडे लागतात. मग तारीख कधीही येवो.

आता विरोधकांचं सगळ्यात भारी हत्यार, म्हणजे संशोधन. ‘अमेरिकेतच सिद्ध झालंय की घड्याळवाल्यांचं वजन कमी उतरलं.’ अभ्यास खरा आहे. पिट्सबर्ग विद्यापीठाचा, २०१६ सालचा. वजन जास्त असलेले सुमारे ४७० तरुण-तरुणी, दोन वर्षं. ज्यांना अंगावर बांधायचं यंत्र दिलं त्यांचं वजन सरासरी ३.५ किलो उतरलं आणि ज्यांना दिलं नाही त्यांचं ५.९ किलो. बातमी इथवरच वाचली जाते. पण यंत्र न दिलेला दुसरा गट काय करत होता? तो हातावर हात ठेवून बसला नव्हता. ते लोक आपलं खाणं आणि आपली हालचाल स्वतःच्या हातानं नोंदवत होते! म्हणजे हा अभ्यास मोजण्याच्या विरोधातला नाही. आपोआप मोजणाऱ्या यंत्रापेक्षा स्वतः लिहिणारा पुढं गेला, असं तो सांगतो. वहीच्या बाजूनं याहून चांगला साक्षीदार मला मागून मिळाला नसता.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या संशोधकांनी १३८ अभ्यास एकत्र तपासले, त्यात मिळून जवळपास वीस हजार माणसं होती. आपल्या प्रगतीवर लक्ष ठेवणारे ध्येयाच्या जास्त जवळ पोहोचतात, असं निघालं. आणि ती प्रगती प्रत्यक्ष लिहून ठेवली किंवा चारचौघांत सांगितली तर परिणाम आणखी वाढतो. टपरीवर हशा झाल्यावर पोरगं लपून लिहू लागतं, असं मी वर म्हणालो. त्या हशानं नेमकी ही दुसरी गोष्ट मारली जाते.

एक आक्षेप मात्र मला झटकून टाकता येत नाही. जॉर्डन एटकिन या अमेरिकन संशोधक बाईंनी प्रयोगांतून दाखवलं की मोजायला लागल्यावर लोक काम जास्त करतात, पण त्यातली मजा कमी होते. चालणं हे चालणं राहत नाही, कामगिरी होतं. हे खरं आहे आणि मी ते आजूबाजूला बघतो. घरातल्या घरात फेऱ्या मारून रात्री दहा हजार पावलं पुरी करणारे काका प्रत्येक गल्लीत आहेत. त्या दहा हजारांमागं शास्त्र नव्हतंच. टोकियो ऑलिम्पिकनंतर १९६५ मध्ये एका जपानी कंपनीनं पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं आणि त्याच्या नावातच दहा हजार घातले, तो आकडा जगभर चिकटला. २०१९ मध्ये सोळा हजारांवर वयस्क अमेरिकन स्त्रियांचा अभ्यास झाला, त्यात दिवसाला साधारण ४,४०० पावलांपासूनच मृत्यूचा धोका कमी दिसला आणि ७,५०० च्या आसपास फायदा थांबला. म्हणून मी म्हणतो, दुसऱ्याचा आकडा आपल्या अंगावर चढवू नका. रोज सकाळी वजनकाट्यावर चढून अर्ध्या किलोनं उदास होऊ नका, तेवढा फरक पाण्याचाही असतो. घड्याळ सांगतं तेवढ्या कॅलरी जळाल्या म्हणून जिलेबी खाऊ नका. स्टॅनफर्डनं २०१७ मध्ये सात यंत्रं तपासली, नाडीचा आकडा बऱ्यापैकी बरोबर होता, पण कॅलरीच्या बाबतीत त्यातलं सगळ्यात चांगलं यंत्रही पाव हिश्श्याहून जास्त चुकत होतं. आठवड्यातून एकदा मोजा. कामाचे तीन-चारच आकडे लिहा. आणि महिन्याच्या शेवटी ते वाचा. बहुतेक वह्या वाया जातात त्या लिहिल्या जात नाहीत म्हणून नव्हे, परत वाचल्या जात नाहीत म्हणून.

आणि भरती झाल्यावर काय? इथं दोन्ही बाजूंचे लोक एकसारखे चुकतात. भरती झालेला वही फेकतो कारण काम झालं, आणि न झालेला फेकतो कारण काम झालं नाही. पुढची तीस-चाळीस वर्षं शरीर कुठं चाललंय हे दोघांनाही माहीत नसतं. रक्तदाब दुखत नाही. साखर सुरुवातीला दुखत नाही. २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी अभ्यासात दहा कोटींहून अधिक भारतीयांना मधुमेह असल्याचा अंदाज निघाला, आणखी तेरा कोटींहून अधिक त्याच्या उंबरठ्यावर. उच्च रक्तदाब ३५ टक्क्यांहून जास्त प्रौढांना. यातला मोठा भाग आपल्याला काही झालंय हे न कळता फिरतोय, कारण ‘अंगाला कळतं’ हा आपला आवडता सिद्धांत इथं पार उताणा पडतो. अंगाला कळत नाही. पट्टा बांधून बघावं लागतं.

त्यासाठी लातूर गाठायची गरज नाही. आपल्याकडच्या आशाताई तिशी ओलांडलेल्यांचा फॉर्म भरायला घरी येतात. त्यात एक प्रश्न कमरेच्या मापाचा असतो. टेप काढली की बायका लाजतात, पुरुष पोट आत ओढतात आणि कुणीतरी म्हणतं, “लिहा हो काहीतरी अंदाजानं.” आशाताईंनाही अजून वीस घरं करायची असतात. त्या फॉर्मवर पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटरच्या आणि बायकांची ८० च्या वर गेली की गुण चढायला लागतात, हे कितीजणांना माहीत आहे? पंचविशीत छाती फुगवून पाच सेंटीमीटर जास्त दाखवायला जिवाचं रान करणारा माणूस पस्तिशीत कमरेचं माप अंदाजानं लिहायला सांगतो. हा त्याचा साधेपणा आहे, असं मानायला मी तयार नाही. तो आळस आहे, आणि त्याला गावपणाचं नाव देऊन आपण गावाची बदनामी करतोय.

मोजमाप शहरी नाही आणि श्रीमंतांचंही नाही. उलट श्रीमंताला त्याची गरज कमी, त्याच्याकडं पगारी ट्रेनर आहे, दरवर्षीची तपासणी आहे, काही बिघडलं तर पैसा आहे. ज्याच्याजवळ यातलं काहीच नाही त्यालाच आपला हिशोब आपल्या हातात ठेवावा लागतो. वाण्याच्या दुकानातली साधी वही आणि कुणाच्याही मोबाईलमधलं स्टॉपवॉच त्याला पुरतं.

राहता राहिली मैदानं. तिथं मात्र पोरांची वही कमी पडते आणि मोठ्यांचं काम सुरू होतं. ग्रामपंचायतींना, मुख्याध्यापकांना, क्रीडाशिक्षकांना माझी एक मागणी आहे. जळकोट तालुक्यातल्या प्रत्येक जिल्हा परिषद शाळेच्या मैदानावर एकदा लांब टेप लावा, पोरं ज्या वाटेनं पळतात ती आखून नेमकी किती मीटर भरते ते मोजा, आणि तो आकडा शाळेच्या भिंतीवर ठळक लिहा. एका दुपारचं काम आहे, टेप आणि चुना लागतो. पुढच्या भरतीच्या आत करा.